मायक्रोमॅक्स गेली कुठे, आणि फोनच्या बाजारात पहिला नंबर टिकत का नाही?

तुम्ही विचारलंय की 2014 मध्ये मायक्रोमॅक्स सॅमसंगच्या पुढे गेली होती, मग दोन-तीन वर्षांत ती दिसेनाशी कशी झाली, आणि त्यानंतरही पहिला नंबर सारखा का बदलतोय. इंदूरला जेल रोडवर, नॉव्हेल्टी मार्केटपासून थोड्या अंतरावर, 2009 पासून माझं मोबाइलचं दुकान आहे. हे सगळं काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलंय, म्हणून लिहितो.

आधी आकड्यांचं सांगतो, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. 2014 च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिस या संस्थेने मायक्रोमॅक्सला 22 टक्के आणि सॅमसंगला 20 टक्के हिस्सा दिला. सॅमसंगने ते मानलं नाही आणि जीएफके या दुसऱ्या संस्थेचे आकडे पुढे केले. दोघांची मोजणीच वेगळी होती. आमच्या धंद्यात कंपनीकडून डिस्ट्रीब्युटरकडे गेलेल्या मालाला प्रायमरी म्हणतात, डिस्ट्रीब्युटरकडून दुकानात आला की सेकंडरी, आणि ग्राहकाने पिशवीत घालून नेला की टर्शरी. बातमीत येणारा ‘मार्केट शेअर’ बहुतेक वेळा पहिल्या टप्प्याचा असतो. गोदामात पडून राहिलेला डबाही त्यात विकलेलाच धरला जातो. म्हणून एखादी कंपनी कागदावर वर असते, तेव्हाच दुकानदाराच्या कपाटात तिचा माल साचत असतो.

मायक्रोमॅक्सचा उदय मात्र खराखुरा होता. 2008 मध्ये त्यांनी एक्स वन आय आणला, एकदा चार्ज केला की महिनाभर चालेल असं सांगून. देपालपूर, सांवेरकडच्या शेतकऱ्यांना दुसरं काय हवं होतं? वीज आठ-आठ तास जायची. मग दोन सिमचे फोन, मग कॅनव्हास. मोठा स्क्रीन दहा हजारांच्या आसपास, तेव्हा सॅमसंगमध्ये तेवढ्याला फार लहान फोन मिळायचा. पण बहुतेक मॉडेलं चीनमधल्या पुरवठादारांकडून तयार येत, नाव आपलं लागे. जिओनीसारखे पुरवठादार पुढे स्वतःच्याच नावाने भारतात उतरले. आपलं डिझाइन नसेल, तर बाजाराने वळण घेतलं की आपल्याला वळायला वेळ लागतो.

ते वळण 5 सप्टेंबर 2016 ला आलं. त्या दिवशी जिओ सुरू झालं. जिओकडे टू-जी, थ्री-जी काहीच नव्हतं, कॉलसुद्धा फोर-जीवरूनच जायचा. त्यासाठी फोनमध्ये व्होल्टे नावाची सोय लागायची. रामबागेतल्या एक काकू माझ्याकडून गणपतीत नवा फोन घेऊन गेल्या होत्या, थ्री-जी. नवरात्रात जिओचं सिम हातात धरून आल्या. “अरे बाळा, सिम नवं, फोन नवा, मग लागत का नाही?” मी मागचं झाकण काढलं, सिम घातलं, पुन्हा काढलं. मला उत्तर माहीत होतं, तरी तीनदा केलं. तो फोन मी परत घेतला. कपाटात तसेच आणखी 34 डबे होते, एका देशी ब्रँडचे. नाव घेत नाही. प्राइस ड्रॉप झाला की फरकाची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम आमच्या खात्यात जमा, मिळेल असं तोंडी सांगितलं होतं. किंमत दोनदा उतरली, नोट आली नाही. त्यातच 8 नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. ते डबे मी खरेदीपेक्षा कमी भावात काढले, शेवटचे सहा 2019 मध्ये.

2016 च्याच ऑगस्टमध्ये शाओमीने रेडमी थ्री एस 6,999 ला आणला होता, व्होल्टेसकट. जानेवारी 2017 मध्ये नोट फोर 9,999 ला. पण हे फोन ऑनलाइन सेलमध्ये मिनिटांत संपायचे आणि आमच्याकडे यायचेच नाहीत. मुलं दुकानात येऊन फक्त कव्हर आणि ग्लास लावून घ्यायची. 2017 च्या शेवटच्या तिमाहीत शाओमीने सॅमसंगला मागे टाकलं.

ओप्पो आणि विवोने उलटी वाट धरली, आणि माझ्या मते खरा धडा इथे आहे. एक मुलगा टेप घेऊन आला, दुकानाची दर्शनी बाजू मोजली, बोर्डाचं भाडं दर महिन्याला किती मिळेल ते सांगितलं आणि दहाव्या दिवशी निळा बोर्ड लागला. शेजारी हिरवा. जेल रोडवर चालताना वाटायचं, रस्त्यालाच रंग दिलाय. सोबत प्रमोटर आला, देवासचा, पगार कंपनीचा, सकाळी अकरा ते रात्री नऊ आमच्या काउंटरला उभा. ग्राहकाला तोच सेल्फी काढून दाखवायचा. डिस्ट्रीब्युटरचा माणूस दर आठवड्याला विचारायचा, माल अडकलाय का? दुकानदाराला एवढंच पुरतं. ग्राहक ‘दादा, कोणता घेऊ?’ म्हणाला की मग आपोआप कोणता डबा पुढे सरकतो, ते तुम्हीच समजा.

त्यानंतर नंबर फिरत राहिला. 2022 च्या अखेरीस सॅमसंग पुन्हा वर, 2024 मध्ये विवो. आणि आता एक मोजमाप बदललंय. 2024 मध्ये नगांच्या हिशोबात ॲपल दहा टक्क्यांच्या आत होती, पण रुपयांच्या हिशोबात सगळ्यांत पुढे. माझ्याकडे सुदामानगरची कॉलेजची मुलं जुना फोन देऊन उरलेल्याचे हप्ते बांधतात. दहा हजारांच्या खालचा फोन विचारणारे कमी झाले.

मायक्रोमॅक्स परत येईल का, हेही विचारलंय तुम्ही. नोव्हेंबर 2020 मध्ये गलवाननंतरच्या त्या वातावरणात इन नोट वन आला, 10,999 पासून. मी आवडीने शोकेसमध्ये पुढे ठेवला. लोकांनी हातात घेतला, कौतुक केलं. पण शेजारच्या काचेत दोन-दोन महिन्यांनी नवं मॉडेल येत होतं, शून्य व्याजाचे हप्ते होते, प्रमोटर होता.

देशी फोन विकायला मला आजही मनापासून आवडेल. क्रेडिट नोट लिहून द्या, इंदुरात दुरुस्तीचं केंद्र चालवा आणि टेप घेऊन या. दुकानाची दर्शनी बाजू मी देतो.