वाचकांचे प्रश्न : ‘तेनेर’चा गोतावळा

स्पॅनिश शिकणाऱ्या वाचकांचे या वेळचे बरेचसे प्रश्न एकाच मुद्द्याभोवती आहेत : ओळखीच्या क्रियापदाला उपसर्ग लागला की त्याचं काय होतं? उत्तरांत स्पॅनिश शब्द लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे दिले आहेत. लिहिताना जिथे ‘व्ही’ अक्षर येतं, तिथे उच्चार ‘ब’ होतो.

प्रश्न : क्रूझवर हाउसकीपिंगच्या नोकरीसाठी तयारी करतो आहे. ‘तेनेर’ म्हणजे ‘जवळ असणे’ हे पक्कं झालं. पण कोन्तेनेर, देतेनेर, मान्तेनेर, ओब्तेनेर, रेतेनेर, सोस्तेनेर ही सगळी क्रियापदं वेगवेगळी पाठ करायची का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अर्थ वेगळे पाठ करा, रूपं मात्र नकोत. वहीत ‘तेनेर’साठी एक पान ठेवा आणि वर सात रूपं लिहा : तेन्गो (माझ्याजवळ आहे), तिएने (त्याच्याजवळ आहे), तूबे (माझ्याजवळ होतं), तेन्द्रे (माझ्याजवळ असेल), तेन्गा (आदरार्थी आज्ञा), तेनीदो (भूतकाळवाचक विशेषण), तेन (‘तू’ला आज्ञा). आता यांच्याआधी ‘दे’ लावा : देतेन्गो, देतिएने, देतूबे, देतेन्द्रे. ‘मान’ लावा : मान्तेन्गो, मान्तिएने, मान्तूबे. सातांपैकी एकही रूप नव्याने शिकावं लागत नाही. पोनेर (ठेवणे) आणि बेनीर (येणे) यांची पानंही अशीच करा. त्यांची चाल ‘तेनेर’सारखीच आहे : पोन्गो, पुसे, पोन्द्रे, बेन्गो, बीने, बेन्द्रे. फक्त पोनेरचं विशेषण ‘पुएस्तो’ होतं, म्हणून कोम्पुएस्तो, प्रोपुएस्तो, सुपुएस्तो.

सर्वांत जास्त चुका भूतकाळात होतात. नेहमीच्या क्रियापदांच्या सवयीने ‘मान्तेनी’, ‘देतेनिओ’ अशी रूपं तोंडात येतात, ती चूक आहेत. मान्तूबे, देतूबो हेच बरोबर. इंजिन थांबवलं हे सांगायचं तर ‘देतूबे एल मोतोर’. बोलताना जोर उपसर्गावर देऊ नका, तो मूळ क्रियापदाच्या भागावरच राहतो.

अर्थांचं म्हणाल, तर ‘तेनेर’ ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ ‘धरणे’ असा आहे. ‘जवळ असणे’ बाजूला ठेवून ‘धरणे’पासून सुरुवात केलीत तर मराठी आपोआप मदतीला येते. देतेनेर म्हणजे अडवून धरणे, म्हणून थांबवणे आणि अटक करणेसुद्धा. सोस्तेनेर म्हणजे खालून उचलून धरणे, आधार देणे. रेतेनेर म्हणजे सोडायचं ते धरून ठेवणे. कोन्तेनेर म्हणजे आत धरणे, सामावून घेणे; न्हावा-शेव्याला दिसणाऱ्या कंटेनरला स्पॅनिशमध्ये ‘कोन्तेनेदोर’ म्हणतात. मान्तेनेरमधला ‘मान’ हा खरं तर उपसर्ग नाही, तो ‘हात’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे : हाती धरून ठेवणे, म्हणजे राखणे. जहाजावर देखभालीच्या कामाला ‘मान्तेनिमिएन्तो’ म्हणतात. हा शब्द तुम्हाला रोज लागेल.

प्रश्न : मग उपसर्गांचे अर्थ पाठ केले की नवीन क्रियापद आपोआप कळेल ना? – एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : नाही, आणि त्यावर भिस्त ठेवू नये. ‘प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्’ ही ओळ तुम्ही ऐकली असेल. एकाच ‘हृ’ धातूला उपसर्ग जबरदस्तीने कुठल्या कुठे नेतात, हे ती सांगते. ‘एन्त्रे’ म्हणजे मध्ये, हे माहीत असून ‘एन्त्रेतेनेर’ म्हणजे मन रमवणे हे कुणाला सुचणार? उपसर्गावरून अर्थ लक्षात ठेवायला मदत होते, तो ओळखता येतोच असं नाही. प्रत्येक क्रियापद एका पूर्ण वाक्यासह लिहून ठेवा.

प्रश्न : आमच्या होमस्टेत स्पॅनिश बोलणारे पाहुणे येतात. ‘किनारा स्वच्छ ठेवा’ अशी पाटी लावायची आहे. – एक वाचक, तारकर्ली

उत्तर : ‘मान्तेन्गा लिम्पिआ ला प्लाया’. प्लाया स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘लिम्पिओ’ लिहू नका. पाहुण्यांना ‘मान्तेन्गा’ हेच आदराचं रूप शोभतं. ‘तू’साठीचं ‘मान्तेन’ लिहिणार असाल, तर शेवटच्या ‘ए’वर आघातचिन्ह हवंच. नुसत्या ‘तेन’ला ते लागत नाही, कारण तो एकाच स्वराचा शब्द आहे. उपसर्ग लागून शब्द वाढला आणि तो ‘न’ने संपला, की चिन्हाशिवाय वाचणारा जोर आधीच्या स्वरावर देतो. देतेन, प्रोपोन, सुपोन यांनाही हाच नियम.

प्रश्न : एन्तेन्देर (समजणे), आतेन्देर (लक्ष देणे), रेस्पोन्देर (उत्तर देणे) हीही याच घराण्यातली का? – एक विद्यार्थी, देवगड

उत्तर : नाहीत. पहिली दोन ‘तेन्देर’ (पसरणे) या वेगळ्या क्रियापदाची, आणि रेस्पोन्देरचा पोनेरशी संबंध नाही. शेवट ‘नेर’ नसून ‘देर’ आहे, एवढं पाहिलं तरी पुरतं. म्हणून एन्तिएन्दो, रेस्पोन्दो. ‘एन्तेन्गो’, ‘रेस्पोन्गो’ असं काही नसतं.

प्रश्न : पणजीत पोर्तुगीज शिकले आहे. त्याचा उपयोग होईल? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : भरपूर. मान्तेर, ओब्तेर, कोन्तेर हे स्पॅनिशमध्ये मान्तेनेर, ओब्तेनेर, कोन्तेनेर होतात. भविष्यकाळात मात्र सावध राहा. पोर्तुगीजमध्ये ‘तेरेइ’, स्पॅनिशमध्ये ‘तेन्द्रे’. मधला ‘द’ हमखास राहून जातो.

प्रश्न : मूळ क्रियापदाची चाल सोडणारी कुणी आहेत का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : ‘देसीर’ची (सांगणे) मंडळी. देसीरची आज्ञा ‘दी’, पण प्रेदेसीरची (भाकीत करणे) ‘प्रेदीसे’ आणि कोन्त्रादेसीरची (विरोधात बोलणे) ‘कोन्त्रादीसे’. बेन्देसीर (आशीर्वाद देणे) आणखी लांब जातं : त्याचं विशेषण देसीरच्या ‘दीचो’च्या धर्तीवर न होता ‘बेन्देसीदो’ होतं.

बेर (पाहणे) पासूनचं प्रेबेर (आधी ओळखणे) चाल सोडत नाही, पण प्रोबेएर (पुरवणे) याच्या नादाने ते ‘प्रेबेएर’ लिहिलं जातं. स्पॅनिश मातृभाषा असलेलेही ही चूक करतात. शिवाय ‘प्रेबेन’ हे एकच लिखित रूप दोन क्रियापदांचं आहे. ‘प्रेबेन यूबिआ’ म्हणजे पावसाचा अंदाज आहे. इथे ते प्रेबेरचं. ‘प्रेबेन आक्सिदेन्तेस’ असा हुकूम असेल तर ते प्रेबेनीरचं : अपघात टाळ. सूचनाफलकावर आदरार्थी ‘प्रेबेन्गा’ लिहिलं की दोन अर्थांचा प्रश्न उरत नाही.