वर्सोव्यात समुद्रालगतच्या वाळूत निशिगंध करपतो, मग कोणते फुलांचे कांदे लावावेत?
निशिगंधाचा नाद सोडा, खारा वारा त्याला सोसत नाही. स्पायडर लिली आणि नागदवणा लावा. दोन्ही मुळात किनाऱ्यावरचीच. मे अखेरीस 2 घमेली वाळूत 1 घमेलं कुजलेलं शेणखत मिसळा, नाहीतर ओल टिकत नाही. कांद्याची मान वर ठेवा. पुरली तर पावसाळ्यात कुजते. लिलीत फूटभर अंतर, नागदवण्यात तीन फूट.

पावसात मीठ आपोआप धुऊन जातं. दिवाळीनंतर मात्र रोज थोडंथोडं पाणी शिंपडू नका, त्यानं मीठ वरच्या थरातच साचतं. आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्या, पानांवरूनही. काळ्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या अळ्या पानं फस्त करतात. वेचून साबणाच्या पाण्यात टाका. कांदे विषारी असतात, घरात कुत्रं-मांजर असेल तर जपा.