कोकणात घर आखताना आधी झाडं मोज

तुझा आराखडा पाहिला. प्लॅन नेटका आहे, पण जागेवरचा फणस त्यातून गेला कुठे? जागेच्या मोजणीत झाडं दाखवायचीच: खोडाचा घेर, फांद्यांचा पसारा, मुळाजवळची जमिनीची पातळी. त्या पसाऱ्याखाली पाया खणू नकोस, भरावही टाकू नकोस. मुळं गुदमरली तरी झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांनी वाळतं, आणि तोवर आपण बिल घेऊन मोकळे झालेलो असतो. (माझ्या हातून एक आंबा असाच गेलाय.)

एक पावसाळा जागेवर काढ. पाणी कुठून येतं, कुठे मुरतं ते बघ आणि घर त्या वाटेतून बाजूला सरकव. नैर्ऋत्येकडून झड येते, म्हणून तिकडे खोल पडवी आणि लांब वळचण हवीच. भिंतींना जांभा, म्हणजे कोकणातला तांबडा दगड, वापर. खाणीतून ताजा काढलेला चिरा (जांभ्याचा ठोकळा) मऊ असतो, हवेवर तो टणक होतो, तेव्हा घाई नको. आणि बाहेरून प्लास्टर कशाला?

लॉनचा हट्ट मालक धरतीलच. दिवाळीनंतर पाणी कोण घालणार, एवढंच विचार. गुलमोहरही मागतील, पण तो मूळचा मादागास्करचा. त्याऐवजी इथलीच सुरंगी, बकुळ, उंडी सुचव.

प्लॉट सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर, असेल तर जेसीबी लावण्याआधी कातळ झाडून बघ. रत्नागिरी-राजापूरकडे कातळशिल्पं (कातळावर कोरलेल्या प्राचीन आकृत्या) अशाच माती-गवताखाली सापडली आहेत; २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पावसाळ्यात तिथे सीतेची आसवं ही इवली रानफुलं फुलतात. त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचे?

सुधारित नकाशा पाठव, फणसासकट.