आजी पुण्याला परतली, प्लॅनमध्ये मात्र ती अजून मेलबर्नलाच आहे

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सहकारनगरला राहते, वय 71. मुलगी मेलबर्नला असते. तिचा मुलगा 11 वर्षांचा, ऑटिस्टिक आहे, बोलतो अगदी थोडं. तिथल्या एनडीआयएस या दिव्यांगांसाठीच्या सरकारी योजनेतून त्याच्यासाठी घरी मदतनीस येतो, स्पीच थेरपी होते. जावई बहुतेक वेळ कामासाठी बाहेरगावी, म्हणून मी सहा महिने तिकडे राहून आले. मी तिथे असतानाच त्याचा प्लॅन, म्हणजे कोणती मदत आणि किती पैसे ते, ठरवणाऱ्या बाईंचा फोन आला. मुलगी त्यांना म्हणाली, "आई आलीये, ती बघते, आमचं छान चाललंय." मी परतल्यावर नवा प्लॅन आला, त्यात मदतनिसाचे पैसे जवळजवळ निम्मे. प्लॅन येऊन दोन महिने होत आले. मुलगी रात्री फोनवर रडते. रिव्ह्यू, म्हणजे फेरविचार, मागायचा म्हणते, पण कोणी एक फॉर्म सांगतं, कोणी दुसरा. माझ्यामुळे नातवाची मदत कमी झाली का? इथे बसून मला काही करता येईल का? आणि मे महिन्यात दोघं पुण्याला येणार आहेत, तेव्हा प्लॅनचं काय होतं?

उत्तर : काकू, पत्र वाचल्या वाचल्या मी तुम्हाला फोन केला, कारण यात मुदत आहे आणि अंक छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. पुण्यातल्या अनेक घरांतल्या लेकी-सुना तिकडे आहेत, म्हणून तेच सगळं इथे सविस्तर लिहिते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारी. जुलै 2013 मध्ये ही योजना मेलबर्नजवळच्या जिलाँगच्या परिसरात चाचणी म्हणून सुरू झाली, तेव्हा मी तिथे नोकरीला होते. पुढे पुण्याला परत येईपर्यंत मुलांबरोबर जितका वेळ गेला, जवळजवळ तितकाच त्यांच्या प्लॅनसाठी रिपोर्ट लिहिण्यात गेला.

आधी तुमच्या मनाला लागलेला प्रश्न. तुमच्यामुळे मदत कमी झाली, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तुमचं तिथे असणं हिशेबात धरलं गेलं असणार. या योजनेच्या कायद्यात 34 वं कलम आहे. कुठल्याही मदतीला पैसे मंजूर करताना कुटुंबाने, सांभाळणाऱ्यांनी, जवळच्या माणसांनी किती करावं अशी अपेक्षा रास्त आहे, हे त्यात बघावं लागतं. "आई बघते" हे वाक्य त्या रकान्यात जाऊन बसलं. तुम्ही सहा महिन्यांच्या पाहुण्या आहात, हे तिथे कोणी सांगितलं नाही. तुम्ही पहाटेपासून रात्रीपर्यंत जे केलंत, ते काम होतं, आणि ते आता कोणीच करत नाही. तुमच्या मुलीला नेमकं हेच सिद्ध करायचं आहे.

आपल्याकडच्या अनुभवावरून या योजनेकडे बघू नका. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग व्यक्तीला महिन्याला ठरलेली रक्कम मिळते, हडपसरच्या माणसाला जितकी तितकीच जुन्नरच्या. वर्षाला हयातीचा दाखला दिला, तहसील कार्यालयातली कागदपत्रं नीट असली, की झालं. तिकडे रक्कम माणसागणिक ठरते. म्हणून "वाढवून द्या" या विनंतीला तिथे काही अर्थ नाही. कोणत्या कामासाठी, आठवड्याला किती तास, आणि ते नसेल तर काय होतं, याला अर्थ आहे.

आता रिव्ह्यूचं. सगळे या एकाच शब्दाने बोलतात, पण वाटा तीन आहेत. छोटा बदल असेल, पूर्ण प्लॅन नव्याने करायची गरज नसेल, तर व्हेरिएशन. तुमच्या बाबतीत मला ती पुरेशी वाटत नाही. दुसरी वाट इंटर्नल रिव्ह्यू : जो निर्णय दिला तो चुकला आहे, दुसऱ्या अधिकाऱ्याने पुन्हा बघावा. मूळ निर्णयात ज्याचा हात नव्हता असाच अधिकारी तो बघतो. निर्णय हाती आल्यापासून 3 महिन्यांच्या आत हा अर्ज करावा लागतो, आणि तुमचे दोन गेलेच आहेत. तिसरी वाट रिअसेसमेंट : निर्णयानंतर परिस्थिती बदलली, म्हणून प्लॅन नव्याने आखा. त्या मागणीवर 21 दिवसांत उत्तर यावं लागतं. नाही आलं तर ती नाकारली असं कायद्याने धरलं जातं, आणि त्या नकाराचाही इंटर्नल रिव्ह्यू होतो.

तुमचं परत येणं ही बदललेली परिस्थिती आहेच. पण मी मुलीला सांगितलं, की आधी इंटर्नल रिव्ह्यूचा अर्ज कर. कारण फोन झाला तेव्हाच तुमच्या व्हिसाची मुदत ठरलेली होती, तात्पुरत्या माणसाला कायमची मदत धरलं गेलं, म्हणजे निर्णयाचा पायाच कच्चा होता. आणि मुदत निघून गेली की हे दार बंद होतं, रिअसेसमेंटचं मात्र पुढेही उघडं असतं. अर्ज तोंडी, फोनवरूनही करता येतो. सगळी कागदपत्रं जमेपर्यंत थांबायचं नाही. आधी तारीख धरायची, पुरावे मागाहून पाठवायचे. निर्णयाची कारणंही मागून घ्यायची, म्हणजे कशाला उत्तर द्यायचं ते कळतं. इंटर्नल रिव्ह्यूचा निकाल साधारण 60 दिवसांत अपेक्षित असतो आणि तोवर हातातला प्लॅन चालू राहतो. तो निकालही पटला नाही तर 28 दिवसांत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे जाता येतं. ऑक्टोबर 2024 पासून हे जुन्या न्यायाधिकरणाच्या जागी आलं आहे. तिथे या प्रकरणांना फी नाही, आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या ॲडव्होकसी संस्था, म्हणजे दिव्यांगांची बाजू मांडणाऱ्या, फुकट मदत करतात. एवढं मात्र मुलीला स्पष्ट सांगा, की प्लॅन पुन्हा उघडला की रक्कम वाढेलच असं नाही. तेवढीच राहू शकते, कमीही होऊ शकते. म्हणून तयारीने जायचं.

तुम्ही काय करायचं, याचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अर्ज आई म्हणून तुमची मुलगीच करणार. पण सहा महिने त्या मुलाला दिवसरात्र बघणारी साक्षीदार तुम्ही आहात. एक निवेदन लिहा. मराठीत लिहा, इंग्रजी मुलगी करून घेईल. सुरुवातीलाच तुम्ही कोणत्या तारखेला गेलात आणि कोणत्या तारखेला परत आलात ते लिहा. मग एक साधा दिवस, तासातासाने. फोनवर तुम्ही मला सांगितलंत, की तो रात्री दोनपर्यंत जागा असतो आणि तुम्ही दाराशी गादी टाकून झोपायचात, कारण तो कडी काढून थेट रस्त्यावर जातो. दात घासताना एकीने हात धरायचे आणि दुसरीने ब्रश. शाळेत सोडताना गाडीत त्याच्या शेजारी बसावं लागतं, नाही तर तो पट्टा काढतो. हे सगळं जसंच्या तसं लिहा. प्रत्येक गोष्टीपुढे त्याच वयाच्या दुसऱ्या मुलाला ही मदत लागते का, तेही लिहा. 11 वर्षांच्या मुलाला आईने डबा करून देणं ही कुठल्याही आईची जबाबदारी मानली जाते. त्या मुलाच्या दाराशी रात्रभर जागणं तशी मानली जात नाही. फरक तिथे आहे.

आणि काकू, लपवू नका. घरातलं बाहेर सांगायचं नाही, पाहुण्यासमोर सगळं छान असतं, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं आहे की "कसं चाललंय?" विचारलं की तोंडातून "मजेत" निघतं. तुमची मुलगीही तेच बोलली, आणि ती अभिमानानेच बोलली. पण प्लॅनच्या फोनवर विचारणारी व्यक्ती खुशाली विचारत नसते. नातवाचा कठीण दिवस सांगण्यात त्याची बदनामी नाही. तो किती गोड आहे हेही लिहा, मला तर तुम्ही ते कितीदा सांगितलंत! फक्त दुसरी बाजू गाळू नका.

याच्या जोडीला त्याच्या तिथल्या थेरपिस्टचा नवा रिपोर्ट हवा. "याला मदतीची अत्यंत गरज आहे" एवढ्यावर काही हलत नाही. तो आज काय स्वतः करू शकतो, काय नाही, आधीच्या थेरपीने काय सुधारलं, थेरपिस्ट किती तासांची मदत सुचवतो आणि ते न मिळाल्यास कोणता धोका आहे, हे सगळं त्यात असावं. शिवाय ज्या अपंगत्वासाठी मुलाला योजनेत घेतलं त्याच्याशीच ही गरज जोडलेली असावी. कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनंतर हे जास्त काटेकोरपणे बघितलं जातं.

राहता राहिला मे महिना. तात्पुरतं परदेशी गेलं तर 6 आठवड्यांपर्यंत प्लॅन चालू राहतो, त्यापेक्षा जास्त राहिलं तर परत जाईपर्यंत तो थांबवला जाऊ शकतो. तेव्हा तिकिटं 6 आठवड्यांच्या आतली काढायला सांगा आणि निघण्याआधी योजनेच्या कार्यालयाला कळवायला सांगा. फोन नंबर आणि ईमेल चालू राहील असं बघा, कारण रिव्ह्यूचा अधिकारी नेमका त्याच दिवसांत माहिती मागू शकतो. ते पुण्यात आले की माझ्याकडे घेऊन या. थेरपिस्टचा रिपोर्ट तोवर आला असेल तर मी तुमच्या मुलीबरोबर बसून ओळ न् ओळ वाचेन.