वाचकांचे प्रश्न : सळईचा, हृदयाचा, बागेचा आणि मनाचा ‘स्ट्रेस’

प्रश्न : मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. ‘स्ट्रेस’ म्हणजे दर एकक क्षेत्रफळावरचे बल, एवढाच अर्थ मी आयुष्यभर वापरला. आता घरात सुनेपासून शाळकरी नातवापर्यंत सर्वांनाच ‘स्ट्रेस’ असतो. हा आमचाच शब्द आहे, की केवळ नामसाधर्म्य? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शब्द तुमचाच आहे, पण वैद्यकशास्त्राने तो उचलला तेव्हा त्याची जागा बदलली. अभियांत्रिकीत तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या जातात. बाहेरून येतो तो भार. त्याला तोंड देताना पदार्थाच्या आत दर चौरस मिलिमीटरला जे बल उभे राहते ते प्रतिबल, म्हणजे स्ट्रेस. आणि त्यापायी लांबीत किंवा आकारात जो फरक पडतो ती विकृती, म्हणजे स्ट्रेन. आपल्यासाठी नव्हे, पण इतर वाचकांसाठी एक उदाहरण देतो. बांधकामाच्या सळईवर ‘५००’ असा आकडा असतो, तो तिच्या प्रतिबलाची मर्यादा सांगतो : दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन. १२ मिलिमीटर व्यासाच्या सळईचा छेद सुमारे ११३ चौरस मिलिमीटर भरतो, म्हणजे तिला साधारण पावणेसहा टनांचा भार टांगेपर्यंत तो काढताच ती पूर्ववत होते, आणि त्यापुढे ताणली तर वाढलेली लांबी कायमची राहते.

वैद्यकशास्त्रात हा शब्द रूढ करणारे हान्स सेल्ये यांच्याकडे आता वळू. व्हिएन्नात जन्मलेले हे संशोधक माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात काम करीत असताना, १९३६ साली त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. उंदरांना थंडीत ठेवले, जखम केली, अतिश्रम करायला लावले किंवा औषधांची जीव जाणार नाही इतपत विषारी मात्रा दिली, तरी कारण कोणतेही असो, शरीरात तेच तीन बदल दिसत होते : मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी मोठ्या होत, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसे आणि जठरात व्रण पडत. प्रथम शरीर सावध होते, मग काही काळ प्रतिकार करते आणि कारण टळले नाही तर अखेर थकून हार मानते, अशा तीन अवस्थाही त्यांनी सांगितल्या. शरीराच्या या प्रतिसादालाच ते पुढे ‘स्ट्रेस’ म्हणू लागले. आपल्यासारख्या अभियंत्याने त्याला विकृती म्हटले असते. परिणामाला हे नाव दिल्यावर कारणाला नाव उरले नाही, म्हणून ‘स्ट्रेसर’ हा शब्द घडवावा लागला.

व्यवहारात मात्र ‘स्ट्रेसर’ कोणी म्हणत नाही. ‘ऑफिसात फार स्ट्रेस आहे’ या वाक्यात तो भार असतो आणि ‘मला फार स्ट्रेस आलाय’ यात तो परिणाम असतो. मराठीत निदान क्रियापद थोडी मदत करते : कामाचा ताण पडतो, परीक्षेचा ताण येतो, आणि टेन्शन तर देताही येते नि घेताही येते, म्हणून तर ‘टेन्शन घेऊ नकोस’ असा सल्ला निघतो. (‘ताणून देणे’ याचा अर्थ मात्र गाढ झोपणे, हे आपल्या भाषेचे औदार्य.) शिवाय दडपण, ओढाताण, घोर, काळजी, धास्ती हे शब्द आहेतच, आणि ते एकमेकांची जागा घेत नाहीत. मुलीच्या आजारपणाने जिवाला घोर लागतो, पाहुण्यांसमोर गाणे म्हणायचे दडपण येते, आणि नोकरी सांभाळून घरच्यांचे करणाऱ्या सुनेची ओढाताण होते. या सर्वांसाठी एकच ‘स्ट्रेस’ वापरला की ऐकणाऱ्याला नेमके काय झाले आहे ते कळत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. नातू ‘स्ट्रेस आहे’ म्हणाला तर भार कोणता आणि विकृती कोणती, हे आपल्या शास्त्राप्रमाणे वेगवेगळे विचारावे : गणिताचा पेपर हा भार झाला, रात्री झोप न लागणे ही विकृती.

प्रश्न : वडिलांना डॉक्टरांनी ‘स्ट्रेस टेस्ट’ करायला सांगितली आहे. ‘मला कसलेच टेन्शन नाही, मग ही कशाला?’ असे म्हणून ते अडून बसले आहेत. त्यांना काय सांगावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : या चाचणीचा मनाच्या काळजीशी संबंध नाही, हे त्यांना निःशंकपणे सांगावे. यातला ताण हृदयावर येणाऱ्या श्रमांचा आहे. चालत्या पट्ट्यावर चालवतात, प्रचलित पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवतात, आणि त्या वेळी ईसीजी व रक्तदाब नोंदवत राहतात. विश्रांतीत पुरेसा वाटणारा हृदयाचा रक्तपुरवठा श्रमात अपुरा पडतो का, ते त्यावरून ताडता येते. नाडीचे लक्ष्य बहुधा २२० मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास धरतात. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच सांगावे, चाचणी तिथेच थांबवतात.

प्रश्न : शेतीविषयक व्याख्यानांत पिकाला पाण्याचा ताण बसू देऊ नका असे सांगतात. आम्ही मात्र संत्र्याची बाग मुद्दाम ताणावर सोडतो. हे दोन ताण वेगळे आहेत का? (एक वाचक, वरूड)

उत्तर : ताण एकच, वेळ वेगळी. आपल्याकडची थंडी संत्र्याच्या झाडाची वाढ थांबवण्याइतकी कडक नसते, त्यामुळे झाड पालवी फोडत राहते आणि फुलोरा विखुरलेला येतो. पाणी तोडले की पालवीची वाढ थांबते, फांद्यांत अन्नसाठा होतो आणि पुन्हा पाणी मिळताच फुले एकदम येतात. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी) हा ताण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, तर मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी) उन्हाळ्यात देतात, हे आपणास ठाऊक आहेच. हलक्या जमिनीत तो लवकर बसतो. भारी काळ्या जमिनीत ओल टिकत असल्याने बसतच नाही, म्हणून तिथे वाढरोधकाची फवारणी करतात. मे महिन्यात वळीव कोसळला तर सारी मेहनत वाया जाते आणि ताण तुटतो. पाने मलूल होऊन थोडी गळू लागली की पहिले पाणी हलके देऊन ताण तोडावा. त्यापुढे लांबवला तर फांद्या वाळतात. व्याख्याते ज्याविषयी बजावतात तो ताण फळधारणेनंतरचा आहे : फळ वाटाण्याएवढे असताना पाणी कमी पडले तर ते गळते. लहान, अशक्त किंवा रोगट झाड तर ताणावर सोडूच नये.

प्रश्न : इंग्रजी शब्दकोशात उच्चाराबरोबर वर छोटी उभी रेघ असते, तिलाही स्ट्रेसची खूण म्हणतात. तिचा उपयोग काय? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : त्या रेघेनंतरचे अक्षर (म्हणजे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, सिलॅबल) जोर देऊन उच्चारायचे असते, मराठीत याला आघात म्हणतात. ‘रेकॉर्ड’ या शब्दात पहिल्या अक्षरावर आघात दिला तर ते नाम होते आणि दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ असा बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला त्याची सवय नसते. नवा इंग्रजी शब्द पाठ करताना स्पेलिंगसोबत त्या रेघेची जागाही वहीत लिहून ठेवावी.