आवाज फाटतोय? आधी गेन बघ

भाऊ, रावेरच्या केळीबागेतल्या मुलाखतीचा आवाज फाटला म्हणून लगेच नवा माईक घेऊ नकोस. बहुतेक वेळा दोष गेनचा, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा त्या सेटिंगचा असतो. वायरलेस कॉलर माईकच्या रिसीव्हरला (कॅमेऱ्याला जोडलेल्या डबीला) हेडफोनची जागा असेल तर तिथे ऐक. तिथेच फाटतोय? ट्रान्समीटरचा (बोलणाऱ्याच्या अंगावरच्या डबीचा) गेन कमी कर. तिथे स्वच्छ आहे? मग कॅमेऱ्याचा ऑटो गेन बंद करून लेव्हल खाली आण. माणूस अहिराणीत रंगला की आवाज चढतोच, म्हणून आवाजाच्या लेव्हलचा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव. फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये पूर्ण सुधारत नाही रे.

नवी मुलं इथे चुकतात:
- हेडफोनशिवाय शूट करणं.
- माईक उपरण्याखाली दडवणं. हनुवटीपासून वीतभर खाली, उघडा लाव.

आवाज मध्येच तुटत असेल तर ते दुखणं वेगळं, त्यावर नंतर बोलू.