ब्रिटनमध्ये वंशभेदावर मोकळी चर्चा होते, की सगळे घाबरून गप्प बसतात?

तुमचा प्रश्न असा की ब्रिटनमध्ये वर्ण-वंश या विषयावर माणसं खरोखर मोकळं बोलतात, की 'रेसिस्ट' असा शिक्का बसेल या धास्तीने तोंड मिटून असतात. मुलगा सप्टेंबरात शिकायला येतोय, हेही तुम्ही लिहिलंय.

मी २००६ मध्ये सांगलीहून इथे आले. उत्तर लंडनमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. माझा अनुभव सांगायचा तर संसदेत, रेडिओवर, पेपरात या विषयावर लोक कडाकडा भांडतात. गप्प बसतात ते ऑफिसातल्या चहाच्या टेबलाशी.

आधी फॉर्मबद्दल सांगते, कारण मुलाला पहिल्याच आठवड्यात तो भरायचा आहे. दवाखान्यात नाव नोंदवा, नोकरीला अर्ज करा, कॉलेजात प्रवेश घ्या, 'एथ्निसिटी'चा रकाना येतोच. गोरे, मिश्र, एशियन, ब्लॅक, इतर, आणि प्रत्येकाच्या पोटात आणखी चौकटी. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, चिनी सगळे वेगळे. मला तो पाहून शाळेच्या दाखल्यावरचा जातीचा रकाना आठवला होता. सांगायचं नसेल तर तशीही चौकट असते. पण याच चौकटींमुळे भांडायला आकडे मिळतात. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ८१.७ टक्के लोकांनी गोऱ्यांच्या चौकटीत खूण केली, ९.३ टक्क्यांनी एशियन, ४ टक्क्यांनी ब्लॅक. पोलीस रस्त्यात अडवून झडती घेतात त्यात ब्लॅक माणसांचं प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट आहे, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो 'का' यावर.

आणि तो वाद गेली पंचवीसेक वर्षं एका शब्दाभोवती फिरतोय. २२ एप्रिल १९९३ ला लंडनच्या एल्थम भागात स्टीफन लॉरेन्स हा अठरा वर्षांचा मुलगा बसची वाट पाहत होता. गोऱ्या पोरांच्या टोळक्याने त्याला भोसकून मारलं. पोलिसांनी तपासाचा असा विचका केला की दोघांना शिक्षा व्हायला जानेवारी २०१२ उजाडला. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९९ मध्ये, निवृत्त न्यायाधीश मॅक्फर्सन यांचा चौकशी अहवाल आला. लंडनच्या पोलीस दलात 'इन्स्टिट्यूशनल रेसिझम' आहे, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे एकेक शिपाई मनातून द्वेष्टा असेलच असं नाही, पण खात्याची कामाची रीत, गृहीतकं, सवयी अशा की रंगामुळे माणसाला न्याय मिळत नाही. ज्याला आपण 'साहेब चांगले आहेत हो, पण खातंच तसलं' म्हणतो, त्यातलाच प्रकार.

मग ३१ मार्च २०२१ ला, वंशभेदाचा अभ्यास करायला सरकारने नेमलेल्या टोनी सूवेल यांच्या आयोगाचा अहवाल आला. सूवेल जमैकन आईबापांचे, आणि आयोगात एक सोडून सगळे अल्पसंख्याक समाजांतले. त्यांचं म्हणणं, वंशभेद आहेच, पण आजचा ब्रिटन मुद्दाम अल्पसंख्याकांच्या विरोधात रचलेला देश नाही. घर, कुटुंब, वर्ग, गाव यांचाही वाटा मोजा, आणि 'इन्स्टिट्यूशनल' हा शब्द ऊठसूट वापरू नका. कुणी म्हणालं, एकदाचं कुणीतरी बोललं. कुणी म्हणालं, हा जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार आहे.

त्या आठवड्यातली आमची चहाची खोली मला अजून दिसते. कोविडचे दिवस, खुर्च्या लांब लांब, एका वेळी चौघांनाच परवानगी. माझी एक सहकारी, वडील जमैकाहून येऊन इथे बस चालवायचे, ती रागाने थरथरत होती. २०१८ मध्येच सगळ्या देशाला कळलं होतं की १९४८ नंतर कॅरिबियन बेटांवरून रीतसर आलेल्या लोकांना म्हातारपणी 'कागद दाखवा' म्हणून छळलं, काहींना देशाबाहेरही काढलं. 'आणि आता हे मला सांगणार, सिस्टीम ठीक आहे म्हणून?' दुसरी नायजेरियाची. ती शांतपणे म्हणाली, 'माझ्या मुलांना मी रोज सांगत बसले की तुमच्या विरोधात सगळं रचलंय, तर ती अभ्यास कशाला करतील?' दोघीही ब्लॅक, दोघींची फॉर्मवरची मुख्य चौकट एकच. बाहेरच्याला वाटतं की हे भांडण गोरे विरुद्ध इतर असं आहे. ते तसं कधीच नव्हतं.

तिसरा सहकारी आयरिश. तो साखर न घातलेला चहा ढवळत राहिला.

मग पहिली माझ्याकडे वळली. 'तुम्हा इंडियन्सचं बरं आहे. तुमचेच मार्क दाखवून आम्हाला गप्प करतात.' खरंच होतं ते. भारतीय आणि चिनी मुलांचे परीक्षेतले निकाल या वादात दोन्ही बाजूंना लागतात. मी काहीतरी पुटपुटले आणि सेंट्रिफ्यूज थांबलं असेल म्हणून उठले.

राजकारणातही चेहरा पाहून मत ओळखता येत नाही. केमी बेडनॉक यांचं बालपण नायजेरियात गेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये मंत्री असताना त्यांनी संसदेत ठणकावलं की 'व्हाइट प्रिव्हिलेज', म्हणजे गोरेपणामुळे आपसूक मिळणारा फायदा, ही कल्पना शाळांत निर्विवाद सत्य म्हणून शिकवणं बेकायदा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या. समोरच्या बाकांवर मजूर पक्षाचे डेव्हिड लॅमी, तेही ब्लॅक. न्यायव्यवस्थेत अल्पसंख्याकांना कसं वागवलं जातं याची चौकशी त्यांनीच केली होती, अहवाल २०१७ चा. आणि मार्च २०२३ मध्ये लंडन पोलिसांची चौकशी करणाऱ्या लुईझ केसी यांनी त्यांच्यावर पुन्हा तोच 'इन्स्टिट्यूशनल' शिक्का मारला, तेव्हा आयुक्त मार्क रौली यांनी दोष कबूल केले, शब्द मात्र वापरायला नकार दिला.

कायद्याचं विचारत असाल तर मत मांडायला मोकळीक आहे. धमकी किंवा शिवीगाळ करून वांशिक द्वेष भडकवणं हा १९८६ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात साउथपोर्टमध्ये लहान मुलींवर सुरीहल्ला झाला, हल्लेखोर बाहेरून आलेला असल्याच्या खोट्या अफवा उठल्या, दंगली झाल्या, आणि नुसत्या पोस्टसाठीही काहींना तुरुंगवास झाला. ते योग्य की अति, यावर इथे अजून जुंपते.

आता आपल्याबद्दल, कारण हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. या वादात आपण सोसणाऱ्यांच्या बाकावर बसतो, अशी आपली समजूत असते. पण २०१३ मध्ये ब्रिटिश संसदेने ठरवलं की समानतेच्या कायद्यात 'वंश' या शब्दाखाली जातही आणायची. २०१७ मध्ये लोकांची मतं मागवली, १६,००० वर उत्तरं आली. दलित संघटना म्हणाल्या कायदा हवा; कित्येक हिंदू संघटना म्हणाल्या, इथे जात नाहीच, उगाच बदनामी नको. २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली आणि सांगितलं की न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत. त्यातला मोठा निकाल बिहारहून आणलेल्या एका आदिवासी मोलकरणीचा होता. आणि हे सगळं त्या लंडन शहरात, जिथे किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहून शिकले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घेतलं. मुलाला आवर्जून पाठवा. आणि त्याला हेही सांगा की कळत नाही म्हणून बसमध्ये मराठीत 'काळ्या' म्हणायचं नाही. सूर सगळ्यांना कळतो.

२०२२ च्या नोव्हेंबरात बकिंगहॅम राजवाड्यातल्या एका समारंभात इथेच जन्मलेल्या एका ब्लॅक पाहुणीला दरबारातल्या बाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, 'हो, पण मूळच्या कुठल्या?' केवढा गदारोळ झाला, बाईंना पद सोडावं लागलं. आमच्या मराठी मंडळींतही आठवडाभर तोच विषय, सगळे संतापलेले. पुढच्या दिवाळीला एका घरी फराळाला जमलो होतो. एक नवा मुलगा आला होता, आडनाव असं की त्यावरून काही कळेना. यजमानांकडच्या काकांनी विचारलं, 'कुठले तुम्ही?' तो म्हणाला, 'सोलापूरचा.' काका म्हणाले, 'ते झालं हो, पण मूळचे?' मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी चिवड्याची ताटली पुढे केली.